सायकल स्टँडात, आम्ही एस.टी.त

रोज सायकल मारत मंचरला जायचं, ती तिथं लावायची आणि पुढं एस.टी. पकडायची, असं आठ-नऊ वर्षं केलं की अंगावर दोन गोष्टी चढतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ निदान धुतली की जाते!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अवसरी बुद्रुकची, राजगुरुनगरला टायपिस्ट. सायकल तात्यांच्या स्टँडात, आणि सकाळ-संध्याकाळ बसला कंडक्टर आमचे साळवे मास्तर. स्टँडचं भाडं वेगळं, तिकीट वेगळं. त्यामुळे "हे बरोबर हाय का, राव?" ही चर्चा रोजचीच.

*

तात्यांनी रुपयाचा दीड रुपया केला तेव्हा निरगुडसरचे एक गुरुजी भडकले. "आजपासून सायकल टपावर टाकून नेणार!" आणि खरंच टाकली. मास्तरांनी शांतपणे लगेजचं तिकीट फाडलं.

"अहो, सायकलला माझ्याएवढं तिकीट?"

"तुमी बसून चाललाय गुरुजी. ती आडवी झोपून चाललीय!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींची सायकल तात्यांच्या स्टँडात पहिल्या नंबरला.

*

मग ते फाट्यावर उतरणारे बबनराव. त्यांचा फाटा दोन टप्प्यांच्या मधे, म्हणून तिकीट पुढच्या गावाचं पडायचं. एके संध्याकाळी ते हटून बसले. "पैसं पुढचं घेतलं ना? मग मी पुढंच उतरणार!"

फाट्यावर त्यांची बायको सायकल घेऊन उभी. बस तिच्यासमोरून निघून गेली, आणि खिडकीतून बबनराव तिला ऐटीत हात करतायत!

दुसऱ्या दिवशी त्या माउलीनं हात दाखवून बस थांबवली. "मास्तर, ह्यांला न्यायचं भाडं कळलं. परत आणून सोडायचं किती घेता?"

*

एक आजी नातीला घेऊन चढल्या. "पोरीला पाच पुरी न्हाईत," म्हणजे तिकीट नको. मास्तरांनी पोरीला विचारलं, "शाळेत जाती का गं?"

पोरीच्या आधी आजींनाच राहवलं नाही. "जाती म्हंजी? दुसरीत पयली आली!"

सगळी बस हसली. आजीही हसल्या आणि कनवटीचे पैसे काढत म्हणाल्या, "द्या अर्धं. पयली आली ते खरंच हाय."

*

एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांकडं वयाचं कार्ड, म्हणून त्यांना अर्धं तिकीट. आजींकडं कसलाच कागद नाही, म्हणून पुरं. आजोबा कळवळून सांगत होते, "अवो, माज्याबरूबरीची हाय ती!" मास्तरांचाही नाइलाज होता.

आजींनी तिकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "ऱ्हाऊ द्या वो. लगीन झाल्यापासनं समदं अर्धंच वाट्याला आलं. आज पुरं मिळतंय तर घेऊ द्या की!"

आजोबा उठले आणि त्यांनी खिडकीची जागा आजींना दिली.

*

आणि आमच्याच गावचा विलास. चाकणला एका कंपनीत हेल्पर. सकाळी सायकल लावून गेला आणि कामावर पाय मोडला. पगार बंद, चार महिने खाटेवर. सायकल स्टँडातच.

बरा झाल्यावर आला तो मान खाली घालून. "तात्या, भाडं लई झालं असंल. सायकलच ठिऊन घ्या."

तात्यांनी सायकल बाहेर काढली. चेनला ताजं तेल, दोन्ही चाकांत हवा भरलेली.

"भाडं कसलं? उभी व्हती कुठं ती? माजी पोरगी शिकली तिच्यावर. उलट मीच तुजं देणं लागतो." आणि त्यांनी विलासच्या खिशात एक नोट कोंबली. तो नको नको म्हणत होता, तर वर दरडावलं, "वापरल्याचं भाडं नगं द्यायला? न्याय हाय का न्हाई?"

विलासनं डोळे पुसले. सायकल पुन्हा तिथंच लावली आणि आमच्याबरोबर बसमध्ये चढला.

बस सुटली. तिकिटं फाडता फाडता विलासकडून सगळं ऐकून मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तात्याला तर दोन पोरं. पोरगी कदी झाली?"

मी म्हटलं, "तुम्ही तिकीट फाडा, मास्तर."