बोटीच्या नावाचा रकाना

मला मासे ओळखायला शिकवलं ते बंदरावर टोपली मांडून बसणाऱ्या एका मावशीनं. हे आधीच लिहून ठेवते, पुढचं लिहिताना हात अडतो.

मी भोकरकडची, कापूस-सोयाबीनच्या मुलखातली. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याला इथल्या बर्फाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून समुद्राकाठी आले. बंदरात कोणकोणत्या जातीचे मासे उतरतात, त्याची पाहणी चालू होती. पाहणीच्या साहेबांनी माझं अक्षर बघितलं, "मोत्यासारखं आहे" म्हणाले अन् वही हातात दिली. शाळा सुटल्यापासून मला असं कुणी काही म्हटलं नव्हतं.

टोपलीतले मूठभर मासे काढायचे, पट्टीवर मोजायचे, नाव लिहायचं. पण मला सगळेच चांदीचे दिसायचे. पहिल्याच दिवशी तारलीला बांगडा लिहिलं.

"तुमच्या गावात कापसाला सोयाबीन म्हनतात काय गो?" मावशी म्हणाली. "पोटावरनं बोट फिरव. टोचली? मग ती तारली."

"लई टोचून राहिलं, मावशी."

"टोचू दे. ध्यानात ऱ्हाईल."

वही बघून बाकीच्या बाया टोपल्या झाकायच्या. मावशी त्यांना दटावायची, "माझी पोर हाय ती, बघू दे." तिनं माझ्याकडं एकच मागितलं : बोटीचं नाव लिहू नको. तिच्या मुलाच्या जाळ्यात पापलेटची पिल्लं येत होती, तळहाताहून लहान. तेवढी पकडायला बंदी. मी शब्द दिला, "न्हाई लिहीत."

साहेबांनी रिकामा रकाना बघितला. "भर तो. हे कागद फक्त अभ्यासाला, बाहेर कुणाला दिसत नाहीत." एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. भरला. मावशीला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तपासणीची माणसं आली, ती थेट तिच्या मुलाच्या बोटीवर. हातात माझ्या वहीच्या पानाची झेरॉक्स. जाळं उचलून नेलं.

मी धावत साहेबांकडं गेले. ते चहा पीत होते.

"वरून मागितलं, दिलं. तू कशाला घाबरतेस? तुझं नाव कुठंय त्यात?"

वही टेबलावर ठेवून परत आले, तर बंदरावर बाया मला घरभेदी म्हणत होत्या अन् मावशी एकटी त्यांच्यावर ओरडत होती, "त्या पोरीनं न्हाय लिहिलं! मला शबूद दिलाय तिनं. तो सायेबच लबाड!"

साहेब लबाडच. पण मी गप्प उभी राहिले, अन् आजही गप्पच आहे. ती अजून मला हाक मारून जवळ बसवते, कालवण देते.

मावशी, तुझ्या मुलाला जाळं कधी घेऊन देता येईल, माहीत न्हाई. पण एक दिवस त्याच बायांसमोर उभी राहून सांगेन की तो रकाना मी भरला. आज धीर न्हाई. तुझं एवढं देणं मी फेडणार हाय.