बहिणीच्या सासरची रायफल

मंद्रूपला धाकट्या बहिणीच्या सासरी देव्हाऱ्याशेजारी एक रायफल टांगलेली असे. लग्न ठरवायला गेलो तेव्हा आम्हाला आधी ती दाखवली, मग नवरामुलगा. तिच्या सासऱ्यांचे वडील पलटणीत होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला त्यांनी साहेबाचा जीव वाचवला आणि साहेबानं खूश होऊन ती त्यांना दिली, अशी हकिगत. जे लष्कर फाटके बूटही परत मागून घेतं, ते चालती रायफल हातात देऊन निरोप देईल हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण मुलगा चांगला होता.

दुष्काळ सरल्यावरचा पहिला दसरा आला, तशी बहीण सोलापुरात माझ्याकडे आली.

"दादा, यंदा सीमोल्लंघनाला कुणी पुढारी येणार आहेत. मामंजींनी सलामीचा बार कबूल केलाय."

"उडवू देत की."

"ते कुठं उडवणार! यांना लावणार उडवायला. अशी गालाशी धरून." तिनं स्वतःच्या गालावर हात ठेवला. "ती उडालेली घरात कुणी पाहिलेली नाही. येऊन बघ एकदा. मी सांगितलं म्हणू नकोस."

कॉलेजात मी एनसीसीत होतो, एवढाच माझा अधिकार. दुसऱ्यानं रिकामी म्हटलेली बंदूक भरलेली समजायची, हे तिथल्या हवालदारानं शिकवलं होतं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं नाही.

अष्टमीला गेलो. "या पावणं," सासरे म्हणाले, "वाट चुकला जणू?"

"दसरा आला, म्हटलं रायफल बघावी."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग मुलाला कानडीत म्हणाले, हा विकत घ्यायला आलाय का, नजर ठेव. सोलापुरात वाढलेल्या माणसाला एवढं कानडी कळतं. मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

रायफल घोंगडीवर आली. "परवाना हाय बरं का," त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग मलमलीच्या फडक्यातून काडतुसं निघाली. पितळ हिरवं पडलं होतं.

"मामा, ही नासली असतील."

"इलायती माल हाय. नासतोय व्हय?"

दस्त्याला चीर होती, तांब्याच्या तारेनं आवळलेली. "हितं गोळी लागलीती." लाकूड खाली पडून तडकावं तशी ती चीर होती. मी मान डोलावली. नळीमागचा बोल्ट ओढून आत काही भरलेलं नाही याची खात्री केली. बोल्टवर एक आकडा, रायफलीच्या अंगावर दुसराच.

"हे आकडे वेगळे कसे, मामा?"

"एक साहेबाचा, एक आमचा."

दोन टाकाऊ रायफलींची मिळून कुणीतरी ही एक केलेली होती. तिची किंमत त्या हकिगतीएवढी, आणि हकिगत मंद्रूपच्या शिवेपर्यंतच चालणारी.

बोल्ट काढून नळीचं तोंड दाराकडे धरलं आणि मागून डोळा लावला. पलीकडे उजेडाचा गोल दिसायला हवा. आत काळोख.

"दाजी, तुम्ही बघा."

"काय सुदिक दिसत न्हाय."

"डोळा बारीक कर की!" म्हणत सासऱ्यांनी ती हिसकावली आणि बराच वेळ पाहिलं. "दार उघडं हाय न्हवं?"

दार सताड उघडं होतं.

दाजींनी छत्रीची काडी आणली. ती नळीच्या तोंडातून बोटभर आत गेली आणि अडली. खरवडल्यावर घोंगडीवर काळपट लाल चुरा पडला. गुळाचा वास आला.

"निवद आहे तो," दारातून बहीण हळूच म्हणाली. "नवमीच्या पूजेला तोंडात भरवायचा असतो. सासूबाईंनी दाखवलं तसंच करते मी."

सासूबाईंना त्यांच्या सासूनं दाखवलं होतं. घरातल्या बायका वर्षानुवर्षं रायफलीला श्रद्धेनं जेवू घालत आल्या होत्या.

"मामा, गोळीला बाहेर पडायला वाटच नाही. बार फुटेल तो दाजींच्या तोंडावर."

आता ते नळी साफ करायला सांगतील आणि ती हिरवी काडतुसं घालतील, अशी मला धास्ती होती. पण त्यांनी चिमूटभर चुरा उचलून कपाळाला लावला.

"म्हंजी आमच्या आयचा निवद हाय की ह्यात?"

"असणार."

"मग उकरायचा न्हाय."

"आन् बाराचं काय?" दाजी म्हणाले.

"सोलापुरातनं सुतळी बाँब आन. पुढाऱ्याला काय कळतंय?"

पुढाऱ्याला खरंच कळलं नाही. दाजी रायफल खांद्यावर घेऊन ताठ उभे राहिले, भिंतीआड बाँब फुटला, पुढारी दचकले आणि सावरून टाळ्या वाजवू लागले. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला.

पण त्यांच्या शब्दावर मी विसंबलो नव्हतो. गर्दी बघून म्हाताऱ्याचं मन फिरायला कितीसा वेळ लागतो? म्हणून आदल्या दिवशी, नवमीलाही तिथंच राहिलो होतो. बहिणीनं रायफलीला हळदकुंकू वाहिलं, तोंडात निवद भरवला, सासरे बघत नाहीत हे पाहिलं आणि अंगठ्यानं तो आत दाबला. मग आणखी एक गोळा उचलला.