यादी मी दिली नाही

क्षयरोगाच्या तपासणीसाठी आम्ही एक्स-रेची गाडी घेऊन बोईसरच्या एका कारखान्यात गेलो होतो. मी पालघरच्या खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन. दुपारपर्यंत सगळ्या कामगारांच्या छातीचे फोटो झाले. ज्यांच्या फोटोत कुठेही डाग दिसला, त्यांची नावं आमच्याबरोबरच्या डॉक्टरांनी एका कागदावर वेगळी लिहून माझ्याकडे दिली. एकवीस झाली.

मॅनेजरांनी हात पुढे केला. "ती यादी इथंच ठेवा. उद्यापासून या लोकांना गेटवरूनच परत पाठवतो."

"ही आजारी माणसांची यादी नाही, साहेब. पुढे तपासायच्या माणसांची आहे."

"म्हणजे पॉझिटिव्हच ना?"

"नाही. डाग जुन्या न्यूमोनियाचाही असतो. एकही रुग्ण सुटू नये म्हणून आम्ही जरा शंका आली तरी नाव लिहितो. त्यात निरोगी माणसंही येतातच. थुंकी तपासल्याशिवाय कुणाला रुग्ण म्हणायचं नाही. आणि रिपोर्ट ज्याचा त्याला मिळेल."

त्यांनी सरळ माझ्या मालकांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मालक म्हणाले, "दे ना बाई. पुढच्या वर्षीचं शिबिरही आपल्यालाच मिळेल." डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. पण मी कागदाची घडी केली, पर्समध्ये घातली आणि चेन ओढली.

बाहेर पॅकिंगमधली एक बाई माझी वाट बघत होती. आतल्या पाड्यावरून इथं जवळच सालवडला राहायला आलेली.

"ताई, माजं नाव नाय ना त्यात?"

"नाही."

ती हसली आणि लगेच भिंतीकडे तोंड करून खोकली. खोकला थांबेचना.

"किती दिवस झाले?"

"पाऊस सरल्यापासून. पन फोटो बरा हाय ना, मंग?"

मी तिला थुंकीची डबी दिली. डॉक्टर म्हणाले, "अहो, तिचा फोटो क्लिअर आहे."

"फोटो क्लिअर आहे, बाई क्लिअर नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी यादीतल्या एकेकाला बाजूला घेऊन समजावलं आणि सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवलं. वीस जण गेले. एक तरुण भीतीने न सांगता गावी निघून गेला. त्याचा फोन लागला नाही. त्याचं काय झालं, मला आजही माहीत नाही, आणि ते खुपतं.

विसातल्या दोघांना क्षयरोग निघाला. अठरा जणांना नव्हता. आणि त्या बाईला होता.

तिघांनी रजेच्या चिठ्ठ्या दिल्यावर मॅनेजर मला फोनवर म्हणाले, "बघा, निघाले ना तीन!"

"निघाले. तुम्ही अठरा धडधाकट माणसांना घरी बसवणार होता. आणि पॅकिंगमधल्या त्या बाईला सगळ्यांच्या शेजारी ठेवणार होता, कारण तिचं नाव यादीत नव्हतं."

पलीकडून फोन ठेवला गेला.

तिघांची औषधं सरकारी दवाखान्यातून सुरू झाली. काही आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरांनी पॅकिंगमधल्या बाईला कामाला हरकत नाही अशी चिठ्ठी दिली, तरी गेटवरच्या माणसाने तिला अडवलं. मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. अर्धा दिवस आम्ही उन्हात उभ्या होतो. ती दोनदा म्हणाली, "जाऊ दे ताई, दुसरं काम बघीन." मी म्हटलं, "तुम्ही काय चोरी केलीये?" शेवटी मॅनेजरांनीच खाली येऊन तिला आत घेतलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

पुढच्या वर्षीचं शिबिर अर्थातच दुसऱ्या लॅबला गेलं. मालकांनी मला माफीचं पत्र लिहायला सांगितलं. "दोन ओळी लिही, साहेब शांत होतील." मी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद तसाच परत सरकवला. तेव्हापासून मला शिबिरांना पाठवत नाहीत. मी लॅबमध्ये बसून रक्त काढते. माफी मागण्यासारखं काय केलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.