धुऱ्यावरचा तरवड

मागच्या खेपेला फोनवर तुम्ही विचारलं होतं, आजीच्या शेतात काय काय पिकतं. मी सोयाबीन, तूर, ज्वारी अशी नेहमीची नावं सांगितली. पण ज्या झाडाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे ते राहून गेलं, कारण ते पीक नाही. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही आणि आमच्याकडे ते कुणी मुद्दाम लावतही नाही. त्याचं नाव तरवड.

तुम्ही ते पाहिलेलं आहे. ताडकळसहून येताना आपल्या फाट्यावर बस सोडली की डाव्या हाताला जो माळ लागतो, त्यावर कमरेइतकी उंच, पिवळ्या फुलांची झुडपं असतात. नाताळच्या सुट्टीत आला होतात तेव्हा तुमच्यातल्या धाकटीनं त्यातली फुलं तोडून केसांत खोवली होती. तूर, हरभरा, बाभूळ, चिंच यांच्याच शेंगवर्गातलं हे झाड. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं जगतं. मे महिन्यात माळावर गवताची काडी उरत नाही, तेव्हाही हे हिरवं असतं. शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. माझे सासरे उन्हाळ्यात बाहेर पडताना त्याचा पाला पटक्याखाली ठेवत. डोकं थंड राहतं म्हणत.

आता शेताची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सासऱ्यांची जमीन दोन भावांत वाटली गेली. वरचा उताराचा, मुरमाड तुकडा तुमच्या आजोबांकडे आला आणि खालचा काळा तुकडा त्यांच्या धाकट्या भावाकडे. दोन्ही भाऊ आता नाहीत. वरचं शेत मी पाहते आणि खालचं माझी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी. मधे मातीचा बांध आहे. आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात.

मोठा पाऊस झाला की माझ्या उतारावरचं सगळं पाणी या धुऱ्याशी जमायचं, एखादी कमजोर जागा शोधायचं आणि धुरा फोडून खाली शिरायचं. लागोपाठ दोन पावसाळे असं झालं. धाकट्या आजीचं उगवलेलं सोयाबीन मातीसकट वाहून गेलं आणि शेताच्या मधोमध माणूस आडवा झोपेल एवढी ओघळ पडली. दोन्ही वेळा तिनं ती पाट्यांनी माती टाकून बुजवली. पुण्याहून तिचा मुलगा फोनवर म्हणायला लागला, आई, शेत बटईनं देऊन टाक आणि इकडे ये. बटई म्हणजे जमीन आपली, कसणारा दुसरा आणि पीक अर्धं अर्धं. तो प्रेमानंच म्हणत होता. पण धाकट्या आजीनं लग्नानंतर एक हंगामही दुसऱ्याच्या हातचं पेरलेलं खाल्लेलं नाही. पुण्याला आठ दिवसांसाठी गेली तरी चौथ्या दिवशी तिला कोरड्या गॅलरीचा कंटाळा येतो.

दुसऱ्यांदा धुरा फुटला त्या संध्याकाळी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली.

"अक्का, आणखी एकडाव फुटला तर देते बटईनं. माझ्यानं आता माती वाहवत न्हाई."

पाणी माझ्या शेतातलं होतं. मी त्या दिवसापासून त्याचाच विचार करू लागले.

उपाय मला माळावर सापडला. सकाळी फिरायला गेले असताना माझ्या लक्षात आलं की जिथे तरवडाचं झुडूप आहे तिथे त्याच्या वरच्या अंगाला मातीचा लहानसा ओटा साठलेला असतो, आणि जिथे नाही तिथे मुरूम उघडा पडलेला असतो. म्हणजे हे झाड आपल्यापुरती माती अडवत होतं. मग ते ओळीनं लावलं तर?

माघात त्याच्या शेंगा वाळतात. चपट्या, तपकिरी, कागदासारख्या. त्या पिशवी भरून आणल्या. बी फार टणक असतं. काही तसंच पेरलं, ते उगवलंच नाही. मग उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून, जरा निवू देऊन त्यात बी टाकलं आणि सकाळपर्यंत ठेवलं. फुगलेलं तेवढं वेचून घेतलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून गच्चीवर रोपं केली. झाड वर बोटभर दिसतं तेव्हा मूळ पिशवीच्या तळातून बाहेर आलेलं असतं, म्हणून फार थांबता येत नाही. शेंगवर्गातलं झाड, तेव्हा मुळांवर तुरीसारख्या गाठी असतील असं मला वाटलं होतं. एक रोप उपटून, धुऊन, चष्मा लावून पाहिलं. गाठी नव्हत्या. हेही तुम्हाला सांगून ठेवते, कारण पुढे कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विचारा, पाहिलं आहे का.

पावसाळा लागल्यावर मी दोरी बांधून धुऱ्यावर रोपं लावली. दोन ओळी, एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधे दुसऱ्या ओळीतलं रोप येईल अशा. धाकट्या आजीच्या बैलगाडीसाठी मधे वाट सोडली. सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात आणि मुलांच्या रांगा लावण्यात गेल्यामुळे मला वाकडी ओळ बघवत नाही.

रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवून बघायचे. शेजारचा शेतकरी, माझाच जुना विद्यार्थी, एक पाय जमिनीवर टेकून म्हणाला, "मॅडम, हे तरवड हाय का?"

"हो."

"आमी उपटून उपटून दमलो, आन् तुमी लावायल्या?"

"लावतेय."

"बरं हाय. पुढच्या साली गाजरगवत लावा."

धाकटी आजी खालच्या अंगाला निंदत होती. ती कंबर सरळ करून म्हणाली, "जा बाबा तू. बाईनं तुला कव्हा रांगेत उभं केलं न्हाई, म्हनून तरवडाला करायल्यात." त्याच्यासमोर ती माझ्या बाजूनं बोलली. तो गेल्यावर मला म्हणाली, "अक्का, खरंच कामून लावायल्या हो? लोक हसायलेत."

पहिल्या वर्षी पाऊस बेताचा पडला. धुऱ्याची परीक्षा झालीच नाही. रोपं मात्र जगली. पुढच्या मार्चपर्यंत ती गुडघ्याच्या वर गेली, आणि मग मी तुमच्याकडे आले.

आमच्याकडे आखाजीच्या आत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, धुरे साफ करायची रीत आहे. ज्याच्या धुऱ्यावर झाडोरा, त्याच्या घरात कुणी कर्तं माणूस नाही असं धरतात. मी तुमच्याकडे बर्फ बघत होते तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलात लोक बोलू लागले, की थोरली परदेशी गेली आणि धुऱ्याचं रान झालं. हे धाकट्या आजीच्या कानावर गेलं. घराच्या इज्जतीचा प्रश्न होता. तिनं विळा उचलला आणि सगळा तरवड वीतभर ठेवून कापून काढला.

मी परतले त्या दिवशी चहासुद्धा न घेता धुऱ्यावर गेले. दोन ओळी खुंट. ओळी अजून सरळ होत्या, एवढंच. धाकटी आजी मागून आली. तिच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं. ते माझ्याकडे बघून हळूहळू उतरलं.

"राग आला का अक्का?"

"नाही."

"इंग्रजीत आला असंल."

 ती खुंटांकडे बघत म्हणाली, "लोक तुमाला नाव ठेवायले, ते मला ऐकवंना. मी तर मुळासकट काढणार होते. वढून बघितलं. कुदळीनं बी बघितलं. निघंना झालं ते. मग कापलं."

त्यावर मी वाकून एक खुंट हातानं हलवून पाहिला. तो तसूभर हलला नाही. आणि वाकले म्हणूनच दिसलं, की सालीतून तांबूस कोंब फुटत होते. एका खुंटाला एकच नाही, चारी बाजूंनी. मी तिला दाखवलं. तिनं चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "हे तर अजून दाट व्हायलंय की." कापलेला पाला तिनं वांग्याच्या वाफ्यात पसरला होता. तिथली माती उन्हाळ्यातही खाली ओलसर होती. चहा आम्ही तिच्याकडे घेतला.

पावसाची खरी परीक्षा पोळा झाल्यावर आली. असा पाऊस की समोरचा लिंब दिसेना. दिवसभर आम्हा दोघींना बाहेर पडता आलं नाही. पुण्याहून फोन आला तेव्हा धाकटी आजी मुलाला एवढंच म्हणाली, "उद्या बगून सांगते." काय सांगणार ते दोघांनाही माहीत होतं.

सकाळी उघडीप मिळाल्यावर आम्ही निघालो. चिखल असा की चपला हातात घ्याव्या लागल्या. ती पुढे, मी काठी टेकत मागे. नेहमी तडतड चालणारी बाई धुरा जवळ आला तशी हळू झाली. मग ती थांबली.

धुरा उभा होता. तरवडाच्या वरच्या अंगाला काडीकचरा, पालापाचोळा आणि माझ्या शेतातली माती अडकून एक जाड थर झाला होता. त्यातून पाणी नितळ होऊन, एका जागी न जमता, सगळ्या लांबीभर झिरपून खाली गेलेलं दिसत होतं. खाली सोयाबीन भिजून वाकलं होतं, पण जागेवर होतं. फक्त बैलगाडीसाठी मी सोडलेल्या वाटेतून थोडी माती घसरली होती. तिनं ते बरोबर हेरलं.

"फुटलं ते तुमी सोडलं तिथंच."

"तू म्हणालीस गाडीला वाट पाहिजे."

"म्हनले असंल. पर मी कापलं न्हाई तिथं. कापलं ते सगळं टिकलं."

ते खरं होतं. न कापता तरवड एकाच बुंध्यावर उंच गेला असता. कापल्यामुळे तो जमिनीपासूनच दाट झाला होता. हे मला पुस्तकातून सुचायला हवं होतं, ते तिच्या रागातून आणि विळ्यातून झालं. आता दर वर्षी आखाजीला आम्ही दोघी ठरवून कापतो. पाला भाजीच्या वाफ्यांत जातो, काड्या तिच्या चुलीत. धुरा साफ केल्याचा मानही तिला मिळतो.

तिथेच, चिखलात उभ्या उभ्या, तिनं पुण्याला फोन लावला. "धुरा हाय जागेवर. बटई-बिटई काही न्हाई. सोयाबीन निघू दे, मग ज्वारी पेरायची हाय मला. तूच ये हुरड्याला." पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती हसली आणि पदरानं फोन पुसून ठेवला.

त्या नवरात्रात घटाच्या माळेसाठी गावातल्या बायका माळावर न जाता आमच्या धुऱ्यावर आल्या. आमच्याकडे घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते. धाकटी आजी कडेला उभी राहून सांगत होती, "वरची फुलं घ्या, फांदी वढू नका. आमच्या अक्कानं लावलंय, मी राखलंय." गाजरगवतवाला शेजारीही आला. फुलं बायकोसाठी न्यायला आलोय म्हणाला, आणि जाताना शेंगा कधी वाळतात ते विचारून गेला. तुम्हाला बी पाठवलं असतं, पण तुमच्या देशाचे नियम मला माहीत आहेत. म्हणून फक्त हे लिहिलं.

या माघात धाकटी आजी सकाळीच पदरात शेंगा घेऊन आली. गाडीची वाट तिनं रस्त्याच्या कडेला हलवली होती, जिथे उतार नाही. मधली फट आता बुजवायची होती. खाली तिची ज्वारी कणसांनी वाकलेली होती.

"पाणी तापवा," ती म्हणाली. "आन् ती दोरी काढून ठेवा. वळ वाकडी गेली तर तुमाला झोप येणार न्हाई."

मी पाणी चुलीवर ठेवलं.