कौसाआत्याची मुंबई

कुणी दुधात पाणी घातलं तर कौसाआत्या भांडत नसे. कॅनमध्ये डोकावून शांतपणे विचारायची, "आगं, गावात टँकर आठ दिसांनी येतोय, अन् तुह्याकडं एवढं पाणी आलं कुठून? आमालाबी सांग की." बायका हसायच्या, आणि ती बाई पुन्हा त्या वाटेला जायची नाही. तेलगावकडच्या आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती आणि आत्या तिची चेअरमन. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. कुणी हळहळलं तर म्हणायची, "मला कोन न्हाई कसं? गावभरच्या म्हशी हायत की."

त्या वर्षी दुष्काळानं हद्द केली. व्यापारी दारोदार फिरून पडत्या भावात म्हशी मागू लागले. आत्यानं साखर कारखान्यावरून चाऱ्यासाठी उसाचं वाढं मिळवलं, उभं राहून वाटलं आणि प्रत्येकीकडून वचन घेतलं, पाऊस पडेस्तोवर म्हैस विकायची नाही. "एकीनं दावं सोडलं की बाकीच्या थांबत न्हाईत," असं तिचं म्हणणं.

अशात ती मुंबईला माझ्याकडं आली. मी तेव्हा तिथं नोकरीला होतो. घास गिळताना दुखतंय म्हणाली. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, तर ही मागोमाग आली. "माझं हाय ते मला सांगा," म्हणाली. आजार पसरला होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, आता मुंबई दाखव."

मी तसा तिरसट माणूस. म्हणालो, "आत्या, ही काय येळ हाय का?"

"हीच येळ हाय. अन् फोटोवाला गाठ. जागोजागी माझा फोटो पायजे."

गेटवे झालं, राणीची बाग झाली, म्हातारीचा बूट झाला. प्रत्येक ठिकाणी पदर सारखा करून ती ताठ उभी राहायची. चौपाटीवर मात्र मी चिडलो. "कावून पायजेत तुला एवढे फोटो?"

ती वाळूत बसली. बाटलीतलं पाणी घोटभर प्यायली, गिळताना तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "गावात म्या सांगून आलेय, भाचा मुंबई दाखवायलाय म्हणून. दवाखान्याचं कळलं तर बाया म्हंतील, हीच चालली, आता संस्था कशाची? दुसऱ्या दिशी म्हशी बाजारात. पाऊस पडू दे, मग कळलं तर कळू दे."

"अन् दुष्काळात फिरायला गेली म्हणून नावं ठेवली तर?"

"ठिवू दे. बोलल्यानं अंगाला भोकं पडत न्हाईत."

नावं ठेवलीच. सगळ्यांत आधी शेजारच्या गयाबाईनं. दोघी एकाच साली नांदायला आलेल्या, पाण्याला, रानात, कुठंही बरोबर. फोटो पाहून ती तोंडावर म्हणाली, "आमची लेकरं घागरी घिऊन पळायलीत, अन् चेअरमनबाईला मुंबईची हौस सुचली." त्या दिवसापासून गयाबाई दूध घालायची, पण आत्याशी बोलायची नाही. पुढं आत्याचा आवाज बसला, तेव्हा समुद्राचं वारं बाधलं असं आत्यानंच गावाला सांगितलं. मी औषधं घेऊन गेलो की तेवढं एकच बोलायची, "बाकीच्यांचं काय न्हाई रं. गयानं बोलायला पायजे व्हतं." गयाबाईला सगळं सांगून टाकावं वाटायचं. पण तिनं शपथ घातली होती.

पाऊस झाला, बांधाला गवत आलं. पोळ्याच्या आधी आत्या गेली. तोवर गावातली एकही म्हैस विकली गेली नव्हती.

दहाव्याला घरी जमलेल्या बायकांना मी सगळं सांगितलं. गयाबाई उठून माझ्याजवळ आली.

"फिरताना लई दुखत व्हतं का रं तिला?"

"हो."

"हसली का ती तिथं कुठं?"

हसली होती. दुमजली बसमध्ये आम्ही वर, अगदी पुढं बसलो होतो. झाडाची फांदी काचेवर आली तशी आत्यानं मान खाली घातली आणि पोरीसारखी हसत सुटली. म्हणाली, गया असती तर बोंबलली असती. ते मी गयाबाईला सांगितलं.

ती होती तिथंच खाली बसली. "मला तरी सांगायचं व्हतं," म्हणाली. "म्या काय म्हैस इकली असती?"