बाहुल्यांच्या कोपऱ्यातले आवाज

बालवाडीत शिकवायला लागलं की किस्से जमवावे लागत नाहीत, तेच येऊन डोक्यात ठाण मांडतात. पाहुण्यांना हसवायला बरे पडतात. एकटी असले की मात्र अंगावर काटा येतो!

आमची बालवाडी द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत. मुलं तीन-चार वर्षांची. मदतीला सुरगाण्याच्या मंगलताई.

स्वरा एकदा खेळण्यातल्या फोनवर बोलत होती. मी विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?" माझ्याकडे न बघताच तिने बोट वर केलं. "दिसत नाही का, कामात आहे!" दुपारी तिची आई न्यायला आली. फोन कानाला. मी तोंड उघडायच्या आत तिचंही बोट वर!

ओजस तर बोलायचाच नाही. एका सकाळी वर्गात नुसता कल्ला चालला होता. तो उठला, हाताची घडी घातली आणि अगदी हळू म्हणाला, "आवाज खाली." सगळे चिडीचूप. मीसुद्धा! घरी असं कोण म्हणतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मंगलताई पुटपुटल्या, "मॅडम, ह्या खोलीत पोरं कमी अन् मोठी माणसंच लय बसलीत."

शौर्यचं प्रकरण मात्र वेगळंच. झोया शेजारी बसली की तो घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "लांब बस. तुम्ही लोक घाण असता." जाड, दमलेल्या आवाजात. चार वर्षांचं पोर!

मी त्याच्या वडिलांना बोलावलं आणि वर्गाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. ते हसले.

"मॅडम, घरात काय बोलायचं तेही तुम्ही ठरवणार? फ्रीडम आहे ना आपल्याकडे? आणि मी काही त्याला शिकवायला बसलो नव्हतो."

"पण बोललात तुम्हीच ना?"

"लहान आहे हो. विसरेल."

तेवढ्यात वर्गातून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तेच जाड, दमलेलं बोलणं. "लांब बस. तुम्ही लोक घाण असता."

"शौर्य!" वडील ओरडतच आत गेले. मी मागोमाग.

शौर्य खिडकीपाशी मुकाट्याने चित्र रंगवत होता.

बाहुल्यांच्या कोपऱ्यात झोया एकटीच बसली होती. समोर एक बाहुली, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

वडिलांचा चेहरा उतरला. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "असं... असं नाही बोलायचं, बाळा."

झोयाने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग बाहुली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"मग काका, तुम्ही सांगा तिला."