धाकटीचा हात

बहात्तरच्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या आमच्या गावात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं पाणी भरावं लागायचं. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, पाणी आम्हा दोघी बहिणींवर. मी चौदाची, धाकटी नऊची. आणि ही बया सारखी कळशी सांडायची! चालता चालता तिचा खांदा एकदम उडायचा, की सगळं पाणी फुफाट्यात.

माझं डोकं मुळात तापट. "हाताला भोकं पडली का गं तुज्या?" म्हणून मी एक ठेवून द्यायचे. ती रडत म्हणायची, "आक्का, मी मुद्दाम न्हाई करीत. आपोआप हुतंय." मला वाटायचं, कामाचा कंटाळा, दुसरं काय. त्या महिन्याभरात तिला किती मारलं, ते आठवलं की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही.

मग जेवताना हातातली भाकरी उडायला लागली. पाठ असलेले पाढे ती विसरली. बायका म्हणाल्या, बाहेरचं आहे. उतारे झाले, अंगारे झाले. मी शेजारी बसून बघायचे. झटका यायचा, दहा मोजेस्तोवर परत यायचा, झोप लागेपर्यंत तेच. असलं नाटक कोण करील? नगरला न्या म्हणून मीच दादांच्या मागे लागले.

नगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "हिला कधी गोवर आला होता?"

आई म्हणाली, "दीड वर्साची असताना. पर त्यो कवाच गेला की! घरात फोडणी दिली न्हाई, लिंबाच्या पाल्यानं न्हाऊ घातलं, निवद दाखवला."

"अंगावरून गेला, बाई. मेंदूत दडून राहिला. आता त्यानं डोकं वर काढलंय." मग दादांकडे वळून ते हळूच म्हणाले, "ह्याला औषध नाही."

"म्हंजी ती मुद्दाम न्हवती करीत?" मी मध्येच विचारलं.

"छे गं. तिच्या हातात काहीच नव्हतं."

येताना एस.टी.त ती माझ्याच मांडीवर होती. चुकले म्हणायचं होतं, पण आई-दादांसमोर जीभ उचलेना. उद्या म्हणू, परवा म्हणू, असं करत राहिले. तोवर तिचं बोलणं गेलं. पुढं ओळख गेली, आईसुद्धा कळेना.

एका सकाळी घरात कोणी नव्हतं. तिच्या उशाशी बसून म्हटलं, "बाळे, चुकले गं मी. लई मारलं तुला." ती आढ्याकडे बघत राहिली. तिच्या गालावर माशी बसली होती. ती हाकलायला मी हात उचलला, आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले.